घरची बाग, दोन-चार जनावरं आणि थंडी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडायला लागली की सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "यांना गरम कसं ठेवायचं?" माझं मत विचाराल तर इथेच गडबड सुरू होते, कारण बहुतेक मोठ्या जनावरांना आणि कोंबड्यांना गरम करायची गरजच नसते, त्यांना कोरडं ठेवायचं, अंगावर येणारा वारा अडवायचा आणि प्यायला न गोठलेलं पाणी द्यायचं, बाकीचं त्यांचं शरीर बघून घेतं. झाडांचं गणित वेगळं आहे, म्हणून आधी बाग आणि मग जनावरं.

मोबाईलवर रात्रीचं तापमान 3 डिग्री दाखवत होतं, मग सकाळी पानांवर बर्फ कसा काय?

कारण हवामानाचं तापमान साधारण माणसाच्या उंचीवर मोजतात आणि तुमची रोपं असतात जमिनीला चिकटून. निरभ्र रात्री जमीन आणि पानं आपली उष्णता सरळ आकाशाकडे फेकत असतात, त्यामुळे ती आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड होतात, दोन-चार डिग्रीचा फरक सहज पडतो. शिवाय थंड हवा जड असते, ती उतारावरून घरंगळत खोलगट भागात जाऊन साठते. म्हणून बागेतला एक वाफा दरवर्षी मार खातो आणि दहा पावलांवरचा दुसरा ठणठणीत राहतो. एक साधा थर्मामीटर घ्या आणि रोपांच्या उंचीवर टांगा, ॲपपेक्षा तो खरं बोलतो.

आज रात्री दव गोठणार की नाही हे संध्याकाळी कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. आकाश साफ, वारा पूर्ण पडलेला, हवा कोरडी आणि सूर्य मावळल्या मावळल्या पारा भराभर खाली, हे सगळं एकत्र दिसलं की झाकायच्या तयारीला लागा. ढग असतील तर ते जमिनीची उष्णता परत खाली पाठवतात, आणि थोडा वारा वाहत असेल तर वरची जरा गरम हवा खालच्या थंड हवेत मिसळत राहते, अशा रात्री सहसा बचाव होतो. सगळ्यात कमी तापमान मध्यरात्री नसतं, ते सूर्योदयाच्या आसपास असतं, म्हणजे रात्री बारा वाजता बघून "आज काही नाही" म्हणून झोपू नका.

झाडं कशाने झाकायची? प्लास्टिक चालेल का?

जुनी चादर, गोणपाट, बारदान किंवा बाजारात मिळणारं पांढरं न विणलेलं कापड, यातलं काहीही. प्लास्टिक पानांना टेकलं की जिथे टेकलं तिथेच पान जळतं, त्यामुळे प्लास्टिकच वापरायचं असेल तर खाली काठ्या किंवा तारेच्या कमानी लावून ते पानांपासून लांब धरा. आता महत्त्वाचं, जे नव्वद टक्के लोक करत नाहीत: कापड जमिनीपर्यंत आलं पाहिजे आणि कडेने दगडविटांनी दाबलं पाहिजे. आपल्याला जमिनीतून वर येणारी ऊब अडकवायची असते, झाडाला स्वतःची काही ऊब नसते. झाडाच्या डोक्यावर कापड गुंडाळून खोडाशी सुतळी बांधली, फोटोत छान दिसतं, पण जमिनीची ऊब बाहेरून निघून जाते आणि आत काहीच उरत नाही. सकाळी ऊन वर आलं की काढून टाका, नाहीतर आत दमट होऊन बुरशी धरते.

थंडी पडणार असेल तर पाणी द्यायचं की नाही?

द्यायचं, पण दिवसा, आणि पानांवर नाही तर मातीला. ओली माती कोरड्या मातीपेक्षा दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री हळूहळू सोडते. रात्री फवारे चालू ठेवून फळझाडं वाचवतात ते तुम्ही ऐकलं असेल, ते खरं आहे, पाणी गोठताना प्रत्येक ग्रॅममागे 80 कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि त्यावर कळ्या तरतात, पण त्यात एक मोठा धोका आहे, मध्येच पाणी बंद पडलं किंवा वारा सुटला तर बाष्पीभवनामुळे झाडं न फवारलेल्यापेक्षाही जास्त थंड होतात. लाईट जाणार नाही आणि पाणी संपणार नाही याची खात्री नसेल तर घरच्या बागेत त्या फंदात पडू नका.

नेमकं काय झाकायचं आणि काय सोडायचं?

टोमॅटो, वांगी, मिरची, काकडी-भोपळ्याचे वेल, घेवडा, तुळस, ही नाजूक मंडळी, एका गोठलेल्या रात्रीत जातात. कोबी, मुळा, गाजर, पालक, कांदा, लसूण यांना हलकी थंडी चालते, उलट गाजर आणि कोबी थंडीनंतर गोडच लागतात, कारण झाड पेशी गोठू नयेत म्हणून स्टार्चची साखर करून ठेवतं. वाटाण्याचं झाड थंडी सोसतं पण फुलं आणि कोवळ्या शेंगा सोसत नाहीत, हे लक्षात ठेवा. आणि एक, टोमॅटो मेला नाही म्हणजे खूश आहे असं नाही, रात्री सतत 10-12 डिग्रीच्या खाली जात असतील तर फुलं येतात आणि गळतात, खत वाढवून काही होत नाही.

सकाळी पानं काळी आणि लुळी पडलीत, छाटून टाकू का?

भाजीपाला असेल तर मेलेला भाग काढा. बहुवर्षीय झाड किंवा झुडूप असेल तर कात्री खाली ठेवा! मेलेली पानं-फांद्या खालच्या जिवंत भागाला थोडा आडोसा देतात, आणि छाटलं की झाड नवी पालवी फोडायला बघतं, ती पुढच्या थंडीत पहिली जाते. नवीन फूट कुठून येते ते दिसेपर्यंत थांबा, बऱ्याचदा जी फांदी मेली वाटते तीच खालून फुटते. याच कारणासाठी थंडीच्या तोंडावर युरियासारखं नत्राचं खत देऊ नका, कोवळी लुसलुशीत वाढ म्हणजे थंडीला आमंत्रण.

कुंडीतली झाडं जमिनीतल्यापेक्षा आधी का मरतात?

जमिनीत मुळांभोवती मातीचा प्रचंड साठा असतो, कुंडीत चारी बाजूंनी थंड हवा. कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटून ठेवा, बाहेरून गोणपाट किंवा पेंढा गुंडाळा. पाणी कमी करा पण बंद करू नका. थंडीत कुंडीतली अर्धी झाडं जास्त पाण्याने कुजतात आणि उरलेली "थंडीत काय पाणी द्यायचं" म्हणून वाळतात. बोट घालून बघा, दोन पेरं खाली कोरडं असेल तरच द्या.

आच्छादन किती जाड आणि कधी?

पेंढा, वाळलेला पाला, उसाचं पाचट, गवत, जे असेल ते, 10 ते 15 सेंटिमीटर. मात्र खोडाला टेकवायचं नाही, चार बोटं जागा सोडा, नाहीतर खोड सडतं आणि उंदरांना आयती बिळं मिळतात. जिथे जमीन खरोखर गोठते तिथे बहुवर्षीय झाडांवर जाड आच्छादन जमीन एकदा गार झाल्यावरच टाकतात, हेतू जमीन गरम ठेवण्याचा नसतो, रोज गोठणं-वितळणं थांबवण्याचा असतो, कारण त्या खालीवर होण्यानेच लसणाच्या पाकळ्या आणि छोटी रोपं मुळासकट वर उचलली जातात.

अजून एक बारीक गोष्ट जी इथेच सांगून टाकतो: जाड आच्छादनाखालची जमीन रात्री वर ऊब सोडत नाही. म्हणजे मुळं वाचतात पण वरच्या पानांना उघड्या ओल्या जमिनीचा जो फायदा मिळतो तो जातो. टोमॅटोसारख्या नाजूक पिकाच्या वाफ्यात दव गोठायची रात्र असेल तर दिवसा आच्छादन बाजूला सारून माती तापू द्या.

कोवळ्या फळझाडांची साल एका बाजूने फाटतेय, रोग आहे का?

दुपारचं ऊन लागतं त्याच बाजूने फाटत असेल तर बहुतेक रोग नाही. दिवसा उन्हाने साल तापते, आतला भाग जागा होतो, आणि रात्री एकदम गोठतं. खोडाला पातळ चुना लावा, पांढरा रंग ऊन परत फेकतो. आणि साल जमिनीलगत गोल कुरतडलेली असेल तर उंदीर, त्याला बारीक तारेची जाळी हाच उपाय, थोडी जमिनीतही गाडा.

कंपोस्टचा ढीग थंड पडला, आता काय?

काही नाही. ढीग छोटा असेल तर थंड पडणारच, निदान एक मीटर लांब-रुंद-उंच असेल तरच तो आतून स्वतःला तापता ठेवू शकतो. शेण किंवा कोंबडीखत मिसळा, वरून झाका, सारखा उलटू नका कारण प्रत्येक वेळी साठलेली ऊब निघून जाते.

चुलीची राख बागेत टाकू का?

थोडी टाका. पोटॅश आणि कॅल्शियम मिळतं, पण राख अल्कधर्मी असते, त्यामुळे जमीन आधीच चुनखडीची असेल तर नको. कोंबड्यांच्या धुळीच्या अंघोळीत मात्र मस्त चालते. पूर्ण विझलेली राखच घ्या, आत निखारे दोन-दोन दिवस जिवंत राहतात आणि प्लास्टिकच्या बादलीत भरलेल्या राखेने आगी लागल्यात. घसरड्या वाटेवरही मिठापेक्षा राख किंवा वाळू बरी, मीठ कडेची झाडं मारतं आणि कुत्र्याच्या पंजांना झोंबतं.

कोंबड्यांच्या खुराड्यात बल्ब लावायचा की नाही?

मोठ्या, पूर्ण पिसं आलेल्या कोंबड्यांना नाही. हा वादाचा विषय आहे हे मला माहितीये, पण ऐकून घ्या. कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 डिग्रीच्या आसपास असतं आणि अंगावर पिसांची रजाई असते, ती पिसं फुगवून बसली की आत हवा अडकते. तिला मारतो तो दमटपणा. रात्रभर त्या श्वास सोडतात, विष्ठा पडते, त्यात पाणी असतं, आणि आपण प्रेमापोटी सगळ्या फटी बुजवून टाकतो, मग सकाळी दार उघडलं की आतल्या भिंतींवर थेंब आणि डोळ्यात झोंबणारा अमोनिया. तुम्हाला वास आला म्हणजे त्यांच्या फुप्फुसांची वाट लागायला सुरुवात झालेली आहे.

तर झरोके उघडे ठेवायचे, पण वर, कोंबड्या बसतात त्याच्या बऱ्याच वर छताजवळ, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल आणि वारा अंगावर येणार नाही. खाली भुसा किंवा पेंढा जाड अंथरा आणि ओला भाग काढत राहा. बसायची दांडी गोल बारीक नको, चपटी आणि चार बोटं रुंद घ्या, म्हणजे कोंबडी पायांच्या बोटांवर पोट टेकवून बसते आणि बोटं झाकली जातात.

बल्बचं दुसरं दुखणं म्हणजे आग. सुका भुसा, धूळ, पिसं आणि वर लटकणारा तापलेला दिवा, त्यात एखादी कोंबडी उडून धडकली की संपलं. आणि सवय लावलेल्या कोंबड्यांचा बल्ब नेमक्या सगळ्यात थंड रात्री लाईट गेल्यावर बंद पडतो.

कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडलीत

हिमदंश. मोठ्या तुऱ्याच्या जातींत जास्त. चोळू नका, शेकू नका, काळं झालेलं कापू नका, ते आपोआप वाळून गळतं. सूज किंवा पू दिसला तर डॉक्टर. व्हॅसलीन लावतात लोक, लावा हवं तर, पण खुराडं दमट असेल तर व्हॅसलीनने काही थांबत नाही, आधी वरचा झरोका बघा.

अंडी एकदम बंद झाली, खाद्य बदलू का?

खाद्याआधी दिवस मोजा. कोंबडीचं अंडं देणं थंडीपेक्षा उजेडावर चालतं, तिला दिवसाला 14 ते 16 तास उजेड लागतो, आणि थंडीत दिवस लहान होतात. त्यात बऱ्याच कोंबड्यांची पिसं याच सुमारास झडतात, नवी पिसं म्हणजे सगळं प्रोटीन तिकडे, अंड्याला उरत नाही. पिसं झडत असताना प्रोटीन जरा वाढवा आणि सोडून द्या.

उजेड वाढवायचा असेल तर टायमर लावून साधा एलईडी पहाटे लावा, संध्याकाळी नको, कारण रात्री दिवा पटकन बंद झाला की त्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत आणि खालीच बसून राहतात. मी स्वतः वाढवत नाही, थोडी विश्रांती मिळू दे की त्यांना, पण हे ज्याचं त्याने ठरवावं. उजेड, पिसं, खाद्य सगळं ठीक असूनही अंडी नाहीत तर पाणी बघा. अंड्यात तीन चतुर्थांश पाणीच असतं, सकाळी भांड्यात बर्फ आणि दुपारपर्यंत कोणी बघितलंच नाही असं दोन दिवस झालं तरी अंडी थांबतात.

अंडी घरट्यातच गोठून तडकली, खायची का?

तडकलेली नकोत, भेगेतून जंतू आत जातात. न तडकलेली सरळ फ्रीजमध्ये ठेवा, हळूहळू वितळतात. दिवसातून दोनदा अंडी उचलली तर हा प्रश्न येत नाही.

आणि पिल्लांना?

पिल्लांना ऊब हवीच, वरचं सगळं त्यांना लागू नाही. पहिल्या आठवड्यात 32 ते 35 डिग्री, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा: दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय, लांब कोपऱ्यात चोच उघडी टाकून बसली असतील तर गरम होतंय, सगळीकडे पसरून खातपीत असतील तर बरोबर. दिवा साखळीने पक्का टांगा, नुसत्या वायरवर कधीच नको.

प्यायचं पाणी गोठतं, रोज कुठे पुरे पडायचं?

विजेशिवायचे उपाय आधी. काळं रबरी घमेलं उन्हात ठेवा, ते तापतं आणि बर्फ झाला तर उलटं करून आपटलं तरी फुटत नाही, प्लास्टिक चिरतं. भांडं पसरट नको, खोल घ्या, उघडा पृष्ठभाग जितका कमी तितकं उशिरा गोठतं. दोन भांडी ठेवा, एक आत वितळत, एक बाहेर वापरात. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी दिलं तर जनावरं एकाच वेळी भरपूर पितात, नुसत्या बर्फगार पाण्याला तोंड लावून सोडून देतात. आणि पाणी कमी प्यालं की चारा कमी खाल्ला जातो, चारा कमी म्हणजे आतली ऊबही कमी, दूध तर जातंच. पाण्यातला हीटर वापरलात तर अर्थिंग आणि वायर नीट तपासा, गाय पाण्याला तोंड लावायला घाबरत असेल तर हलका शॉक बसत असण्याची शक्यता मोठी.

बर्फ खाऊन जनावर भागवतं असं ऐकलं असेल. दुभत्या जनावराचं आणि पिल्लावाल्या शेळीचं नाही भागत.

बाहेरचा नळ आणि पाईप फुटू नये म्हणून?

पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून भरलेला पाईप फुटतो, रिकामा फुटत नाही. होज पाईप रोज रात्री नळातून काढून उतारावर ओतून रिकामा करा. उघड्या पाईपला फोमची नळी किंवा गोणपाट, वरून प्लास्टिक. फार थंड रात्री नळ बारीक धारेने चालू ठेवतात, तोही चालतो. गोठलेल्या पाईपला पेटता टेंभा लावू नका, गरम पाण्याचं फडकं गुंडाळा, आणि नळाकडून सुरुवात करून मागे जा.

गाय, शेळी यांना किती थंडी चालते?

कोरडी असेल तर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त. थंड प्रदेशातल्या दाट केसांच्या गायी शून्याखाली सात-आठ डिग्रीपर्यंत जादा ऊर्जा खर्च न करता राहतात, पण तीच गाय भिजली की 15 डिग्रीलाच तिला ऊब टिकवायला जोर लावावा लागतो. एवढा फरक निव्वळ ओल्या केसांचा! आखूड केसांच्या, उष्ण प्रदेशातल्या जाती अर्थातच याहून आधी कुडकुडतात, आणि शेळीला तर पाऊस-वारा अजिबात सहन होत नाही, थंडी चालते पण भिजणं नाही.

म्हणून गोठ्याला तीन बाजूंनी आडोसा, वरून छप्पर, आणि उन्हाची बाजू उघडी, हे बंद खोलीपेक्षा चांगलं. खाली बसायची जागा कोरडी हवी, जनावर झोपलं की अर्धी ऊब जमीन ओढून घेते, त्यामुळे फरशीवर पेंढा आणि वरून रोज नवा थर. केस उभे, पाठ वाकलेली, कान गार आणि चरायला जायची इच्छा नाही, असं दिसलं तर थंडी बाधतेय.

थंडीत खुराक वाढवायचा की चारा?

चारा, वैरण, कडबा, गवत, म्हणजे तंतूवालं. रवंथ करणाऱ्यांच्या पोटात चारा आंबतो आणि त्या आंबण्यातूनच ऊब तयार होते, पोटातली शेगडीच ती, आणि तिला सरपण म्हणजे सुका चारा. धान्य पचतं पटकन पण तेवढा वेळ ऊब देत नाही, आणि एकदम वाढवलं तर आम्लपित्त होऊन जनावर आडवं होतं. सोयीच्या तापमानाच्या खाली प्रत्येक डिग्रीला ऊर्जेची गरज साधारण 2 टक्क्यांनी वाढते असा हिशोब धरतात. संध्याकाळची वैरण जरा जास्त टाका, म्हणजे रात्रभर शेगडी चालू. बुरशी लागलेली वैरण "थंडीत चालते" म्हणून देऊ नका, गाभण शेळीला तर नाहीच.

थंडीने करपलेली ज्वारी किंवा लसूणघास खायला घालायचा का?

थांबा. गोठलेल्या कोवळ्या ज्वारीत पेशी फुटून सायनाइड तयार होतं, जनावराला किराळ लागते, म्हणजे या विषाची बाधा होते, आणि ते मिनिटांत जातं, डॉक्टर येईपर्यंत वेळ नसतो. थंडीचा मार बसल्यावर निदान आठवडाभर तिकडे सोडू नका, आणि पुन्हा कोवळे फुटवे आले असतील तर ते सगळ्यात वाईट. कापून पूर्ण वाळवला की विष बरंचसं उडून जातं. लसूणघासात सायनाइडचा प्रश्न नाही पण गोठलेला असताना पोटफुगीचा धोका वाढतो, ऊन वर येऊ द्या, आधी सुकी वैरण खाऊ घाला आणि मग सोडा.

रात्री करडू जन्मलं, गार पडलंय, दूधही ओढत नाही. काय करू?

आधी पुसा. कोरडं होईपर्यंत खसाखसा, टॉवेल भिजला की दुसरा घ्या, शेळी चाटत असेल तर तिला चाटू द्या आणि तुम्हीही पुसा. ओलं पिल्लू उघड्यावर ठेवलं तर तासाभरात हातचं जातं. मग तोंडात बोट घालून बघा: तोंड उबदार आणि चोखतंय तर छान, तोंड आतून गार लागलं तर अडचण आहे. करडाचं तापमान साधारण 38.5 ते 40 डिग्री असतं, 37 च्या खाली गेलेल्याला लगेच दूध पाजू नका, इथेच घाईत पिल्लू मरतं. गार पिल्लाला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जातं, आणि पोटात गेलं तरी पचत नाही. पूर्ण ढिलं पडलेल्याला तर नळीनेही नको. आधी ऊब: गरम पाण्याच्या बाटल्या टॉवेलात गुंडाळून दोन्ही बाजूंना, किंवा खोक्यात ठेवून हेअर ड्रायरची गरम हवा, डोकं बाहेर. चोखायला लागलं की चीक.

चीक लवकरात लवकर, पहिल्या दोन तासांत मिळाला तर उत्तम, कारण आतड्यातून रोगप्रतिकारक घटक शोषून घ्यायची ताकद तासागणिक कमी होत जाते आणि दिवसभरात जवळजवळ संपते. पहिल्या 24 तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 3 किलोच्या करडाला 300 मिली, थोडा थोडा करून. नाळेला आयोडीन लावा. जन्मून बरेच तास झालेत आणि ते गार पडलंय तर त्याची साखरही संपलेली असते, अशा वेळी घरगुती प्रयोग न करता डॉक्टरांना फोन करा. वासरांनाही हेच लागू, फक्त आकडे मोठे.

वासराला झूल घालू का?

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हो, 10-15 डिग्रीच्या खालीच त्याला थंडी वाजायला लागते. पण आतून हात घालून रोज बघा, ओली झाली असेल तर ती नसलेली परवडली. मोठ्या जनावराला, आजारी किंवा हडकुळं नसेल तर, नको.

गोठ्यात शेगडी किंवा शेकोटी?

बंद जागेत अजिबात नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नसतो, जनावरंही मरतात आणि शेजारी झोपलेला माणूसही.

थंडीत जनावर अंग घासतंय, केस जातायत

उवा बघा. दाट केस, अंग चिकटवून बसणं, कमी ऊन, थंडीत उवा वाढतात. मानेवर आणि पाठीच्या कण्यावर केस बाजूला करून उजेडात बघा. औषध डॉक्टरांकडून वजनानुसार, आणि सगळ्या जनावरांना एकदम. उवांची लिखं औषधाने मरत नाहीत म्हणून साधारण दोन आठवड्यांनी परत द्यावं लागतं.

ससे बाहेर राहतील का?

राहतील, सशाला उन्हाळा जास्त बाधतो. पिंजऱ्याला वारा आणि पाऊस अडवा, पेंढा भरपूर टाका, बाटलीची चोच गोठते म्हणून दिवसातून दोन-तीनदा बघा किंवा जड भांडं ठेवा.

कुत्र्या-मांजरांसाठी जुनी गोधडी घालतो, बरोबर ना?

बाहेर असतील तर गोधडी ओलावा धरते आणि गार पडते, त्यापेक्षा कोरडा पेंढा भरा. खोका लहानच हवा, जनावर आत वळू शकेल इतकाच. गाडी चालू करण्याआधी बोनेटवर थाप मारा, मांजरं उबेला इंजिनमध्ये शिरतात. आणि गाडीतलं अँटिफ्रीझ सांडलं असेल तर लगेच धुवा, चवीला गोडसर असतं, थोडंसं चाटलं तरी किडन्या जातात.

मधमाशांची पेटी उघडून बघू का, आवाज येत नाही

10 डिग्रीच्या खाली चौकटी काढू नका. थंडीत माशा एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब करतात, आत अंडी-अळ्या असतील तर मधला भाग 34-35 डिग्रीला धरून ठेवतात, आणि तुम्ही झाकण उघडून ते एका मिनिटात घालवता. पेटीला कान लावा, हलकी टिचकी मारा, गुणगुण येते. मागून थोडी उचलून वजनाचा अंदाज घ्या, हलकी लागली तर पाक नको, साखरेचा घट्ट गोळा ठेवा, पातळ पाकाने आत ओलावा वाढतो. दारासमोर थोड्या मेलेल्या माशा दिसल्या म्हणजे उलट आत साफसफाई चालू आहे. दार अरुंद करा, उंदीर शिरतात.

मिरचीचं बी थंडीत उगवतच नाही

मातीला 25 ते 30 डिग्री लागतात. फ्रीजच्या वर, राउटरजवळ, उबदार जागी ठेवा, पण कोंब दिसला त्या दिवशी उजेडात आणा, नाहीतर लांबुळकी पिवळी रोपं होतात. पाणी खालून द्या, वरची माती सतत ओली राहिली की रोपं जमिनीलगत कुजून कोलमडतात.

झाकणं, आच्छादन, झूल, सगळं कधी काढायचं?

पहिला गरम आठवडा आला की काढू नका, शेवटची थंडी बहुतेक वेळा अशाच आठवड्यानंतर येते आणि तोवर कळ्या फुगलेल्या असतात. आच्छादन थोडं थोडं करून बाजूला सारा, कापड काढलं तरी हाताशी ठेवा. आत वाढवलेली रोपं पहिल्या दिवशी एखादा तास सावलीत बाहेर, मग रोज थोडं जास्त, आठवडा-दहा दिवसांत पूर्ण बाहेर. गोठ्यात थंडीभर साठलेला पेंढ्याचा थर मात्र ऊन तापायच्या आत उपसून कंपोस्टवर टाका, उशीर केला तर त्यातच माशांची पैदास होते.